मुंबईची नाटकगृहे आणि बायकांची जागा



यंदाच्या वर्धापनदिनानंतर आपल्या मंडळाची तीन दिवसांची सहल मुंबईस न्यावयाची, असे कार्यकारिणीने ठरविले आहे. त्या निमित्ताने मुंबईतील प्रेक्षणीय स्थळांवर स्मरणिकेसाठी चार पाने लिहावीत, अशी आज्ञा मला झाली. स्थळांची यादी सभेतच तयार झाली होती. गेट वे ऑफ इंडिया, राणीचा बाग, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, गिरगावची चौपाटी. ही सर्व पाहण्याजोगी आहेत यात शंका नाही. गेट वेची कमान १९२४ साली खुली झाली. राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालय, ज्यास आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, ते १८७२ सालचे. परंतु या यादीत नाटकगृह एकही नव्हते. मी ते सुचविले तेव्हा एक भगिनी म्हणाल्या, "नाटकसिनेमे घरी टी.व्ही.वर दिसतातच की. त्यासाठी परगावी रात्रीचे कशाला बाहेर राहायचे?" त्या वेळी मी गप्प बसले. त्यांना द्यावयाचे उत्तर येथे लिहिते.

आपल्यापैकी बहुतेक जणी मुंबईस जाऊन आलेल्या आहेत. पण कशासाठी गेलो होतो ते आठवून पाहा. कोणी लेकीच्या बाळंतपणाला, कोणी दिराच्या ऑपरेशनला, कोणी भाच्याच्या लग्नाला. दादरचे स्टेशन, नातलगांचे घर आणि दवाखान्याचा जिना यांपलीकडे पुष्कळ जणींनी मुंबई पाहिलेलीच नाही. पुरुषमंडळी कामासाठी गेली तरी एखादे नाटक पाहून येतात आणि घरी येऊन त्यातले विनोद सांगतात. आपण चहा गाळता गाळता ते ऐकतो.

मुंबईची नाटकगृहे मी पाहावी म्हणते, ती दगडविटांसाठी नव्हे. ही नाटकगृहे एकामागून एक कशी उभी राहिली हे वाचू लागले, तेव्हा मला त्यांत आपल्याच जातीचा, म्हणजे बाईच्या जातीचा, इतिहास दिसू लागला. प्रथम बाईला आत जागा नव्हती, मग आडोशाला मिळाली, मग रंगमंचावर मिळाली, आणि शेवटी नाटकगृहाच्या किल्ल्याही तिच्या हाती आल्या. हे व्हावयास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला.

बायकांना खेळ ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. पंचमीच्या फुगड्या, मंगळागौरीचे जागरण, जात्यावरच्या ओव्या, गौरीपुढची सोंगे हे सर्व आपलेच. माजघर आणि अंगण हा आपला रंगमंच. पुरुषांनी तेथे डोकावू नये, असा दंडकही होता. कीर्तनाला आणि भारुडालाही बायका जात. अंबडच्या दत्तजयंतीच्या उत्सवात गाणे होते, समर्थांच्या जांबेस रामनवमीचा उत्सव होतो, तेथे देवाच्या नावाने बाईला बसता येई. अडचण होती ती तिकीट काढून, केवळ मन रमविण्यासाठी, चार लोकांत जाऊन बसण्याची. माझी आजी सांगे, की जत्रेत नाटकाचा तंबू पडला की बायका देवळाच्या ओट्यावर बसून आतली गाणी ऐकत. गाणी पाठ होत, पण गाणाऱ्याचे तोंड दिसत नसे.

आता मुंबईकडे वळू. मराठी नाटकाचा आरंभ मुंबईत झाला नाही, तो सांगलीस झाला. तेथे श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर' हा खेळ केला. म्हणूनच ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतात. हा खेळ सीतेच्या स्वयंवराचा, पण सीता पुरुषच. पुढे १८५१ साली अप्पासाहेब वारले आणि भाव्यांना पोटासाठी दौऱ्यावर निघावे लागले. असे ते १८५३ साली मुंबईस पोहोचले.

मुंबईत त्या वेळी ग्रँट रोडला एक नाटकगृह होते. नाना शंकरशेट यांनी त्यासाठी जागा दिली होती आणि १८४६ साली ते सुरू झाले होते. प्रथम तेथे साहेबलोकांची इंग्रजी नाटके होत. १८५३ च्या मार्चमध्ये त्याच नाटकगृहात भाव्यांच्या मंडळींनी तिकीट लावून मराठी खेळ केला. पुढच्याच महिन्यात, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. त्या रेल्वे कंपनीच्या कामातही नानांचा मोठा वाटा होता. याच नानांनी १८४९ च्या सुमारास आपल्या वाड्यात मुलींची शाळा भरविली. तेव्हा लोकांची बोलणी खावी लागत, तरी ती भरविली. मला या गोष्टीचे फार नवल वाटते. एकाच गृहस्थाच्या हातून शाळा, आगगाडी आणि नाटकगृह या तिन्हींना मदत झाली. शाळेत मुलगी गेली, आगगाडीत बाई बसली, पण नाटकगृहाचे दार घरंदाज बाईला पुष्कळ दिवस बंदच राहिले. ते कुलूप लावलेले नव्हते, लोक काय म्हणतील याचे होते.

त्यानंतर ग्रँट रोडच्या आसपास नाटकगृहांची रांगच लागली. पारशी मंडळींची नाटके, उर्दू नाटके, गुजराती नाटके, मराठी संगीत नाटके सर्व तेथे होत. १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले आणि संगीत नाटकाने मराठी माणसास वेड लावले. तेव्हा कोठे घरातील बायकाही नाटकास जाऊ लागल्या. त्यांची बैठक निराळी असे. पुरुषांची नजर पडू नये अशी व्यवस्था, कोठे वरच्या मजल्यावर, कोठे आडोशाला. आडोसा का होईना, पण जागा मिळाली.

गंमत अशी, की आडोशातून त्या जी बाई पाहत होत्या ती बाई नव्हतीच. बालगंधर्व हे नाव आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्यांचा जन्म २६ जून १८८८ चा. ते स्त्रीवेषात येत तेव्हा त्यांची नेसण, अंबाडा, गजरा हे पाहून घराघरांतून बायका तसे करू लागल्या. पदर कसा घ्यावा हे बायकांनी पुरुषाकडून शिकावे, असा तो काळ! सिनेमातही तेच. १९१३ साली गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यातली तारामती म्हणजे अण्णा साळुंके. ते ग्रँट रोडच्या एका खाणावळीत आचारी होते! त्याच वर्षी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या.

बालगंधर्वांची एक हकीकत नेहमी सांगितली जाते. १२ मार्च १९११ रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली. तिकिटे गेलेली, माणसे आलेली. बालगंधर्वांनी तोंडाला रंग लावला आणि भामिनीचे काम केले. कलावंताची निष्ठा म्हणून ही गोष्ट सांगतात आणि ती खरीच मोठी आहे. पण मी ती वाचते तेव्हा माझे मन थिएटरात थांबत नाही, घरी जाते. त्या मुलीची आई त्या संध्याकाळी कोठे बसली असेल, तिच्याजवळ कोण असेल? मी जे जे वाचले, त्यात त्या माउलीबद्दल एक ओळही मला सापडली नाही. नाटकगृहाचा इतिहास लिहिताना घर असे विसरले जाते, म्हणून येथे तिची आठवण करते.

त्याच 'मानापमाना'चा दुसरा प्रयोगही प्रसिद्ध आहे. ८ जुलै १९२१ रोजी बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोघे एकत्र आले. एक भामिनी, एक धैर्यधर. तिकिटाचा सर्वांत मोठा दर शंभर रुपये होता. तेव्हाचे शंभर रुपये म्हणजे किती, हे जुन्या माणसांना विचारा! उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास गेले. पुढे तीन महिन्यांतच केशवराव वारले, म्हणून तो प्रयोग लोकांच्या मनात कायमचा राहिला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रंगमंचावर बाई मुळीच नव्हती, असे म्हणणे खरे नाही. तमाशात बाई होती. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा होती, आणि तिला पाहावयास मुंबईत लोक लोटत. ग्रँट रोडजवळच्या फॉकलंड रोडला आज पठ्ठे बापूराव मार्ग असे नाव आहे, पवळेच्या नावाचा रस्ता माझ्या वाचनात आला नाही. पुढे लालबागेत हनुमान थिएटर हे तमाशाचे ठिकाण होते. गिरणीत राबणारा कामगार तेथे जाऊन बसे. या बायकांची कला सर्वांना हवी होती. त्यांना ओटीवर बसवून हळदकुंकू लावावयास मात्र कोणी तयार नव्हते. घरंदाज बाई आडोशाला बसली आणि कलावंतीण बाई उजेडात उभी राहिली, पण मानाची जागा दोघींनाही नव्हती.

लेखणीचेही तसेच. गिरगावात वाढलेल्या हिराबाई पेडणेकर या कलावंतिणीच्या घरातल्या. त्यांनी १९०४ साली 'जयद्रथ विडंबन' हे नाटक लिहिले आणि १९१२ साली त्यांचे 'दामिनी' हे नाटक ललितकलादर्श मंडळीने रंगमंचावर आणले. एवढे करूनही पुढे त्या मुंबई सोडून कोकणात पालशेतला राहिल्या आणि १९५१ साली तेथेच वारल्या. दुसऱ्या गिरिजाबाई केळकर. त्या जळगावच्या गृहिणी. खाडिलकरांनी १९०७ साली 'बायकांचे बंड' हे नाटक आणले होते. त्यास उत्तर म्हणून गिरिजाबाईंनी १९१३ साली 'पुरुषांचे बंड' लिहिले. १९२८ साली मुंबईस नाट्यसंमेलन भरले तेव्हा त्या अध्यक्षा झाल्या. त्या मानाच्या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. आणि आपणास अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे याच गिरिजाबाईंनी जळगावास भगिनी मंडळ काढले होते. म्हणजे आपल्यासारख्याच एका मंडळातली बाई मुंबईच्या नाट्यसंमेलनाच्या व्यासपीठावर जाऊन बसली!

मग १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी आपल्या भावाबहिणींना घेऊन नाटकमंडळी काढली. तेथे बायकांची कामे बायका करू लागल्या. १ जुलै १९३३ रोजी रिपन थिएटरात नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केले. त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी कामे केली. सुशिक्षित घरातल्या स्त्रिया पुरुषांबरोबर रंगमंचावर आल्या, हे पाहून पुष्कळांच्या भुवया चढल्या. नाटकाचा विषयही तसाच होता. बाईकडून जी चालचलणूक मागता ती पुरुषाकडूनही मागा, असे त्यात सांगितले होते. बाईने ते बाईच्या तोंडाने म्हणावे, यात किती अर्थ आहे पाहा. पूर्वी संगीत नाटके रात्रभर चालत. आता ती अडीचतीन तासांत बसू लागली. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांचे 'कुलवधू' आले आणि त्यात ज्योत्स्नाबाईंचे नाव घरोघरी झाले. नाटक लहान झाले याचे कौतुक नाट्यपंडित निराळ्या कारणाने करतील. मला वाटते, घरी जाऊन दुसऱ्या दिवशी पहाटे चूल पेटवावयाची असते, त्या बाईला खरा फायदा झाला.

आपला मराठवाडा या सर्व काळात निजामाच्या राज्यात होता. आपल्या आजी-पणजींची राजधानी हैदराबाद. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो, १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. तेव्हापासून मुंबई आपलीही राजधानी. तरी ती दूरच होती. जालन्याची गाडी लहान रुळांची, मनमाडला सामानसुमान आणि पोरेबाळे घेऊन उतरावे आणि मोठ्या गाडीत चढावे लागे. मोठे रूळ आले ते १९९० नंतर. ३० डिसेंबर २०२३ ला तर जालन्याहून वंदे भारत सुटली. २०२५ पासून ती नांदेडहून येते. आता सकाळी घरी चहा घेऊन निघालेली बाई दुपारी मुंबईत असते. रस्ता तेवढा जवळ आला आहे.

आता सहलीपुरते, कोठे काय पाहावे ते सांगते. गिरगावात दोन वास्तू आहेत. एक रॉयल ऑपेरा हाऊस. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा आले तेव्हा बांधकाम पुरे झालेले नसतानाच त्याचे उद्घाटन झाले. बालगंधर्व तेथे गायले, पृथ्वीराज कपूर यांची नाटके तेथे झाली. पुढे तेथे सिनेमे लागू लागले, १९९३ साली ते बंद पडले आणि दुरुस्त होऊन २०१६ साली पुन्हा उघडले. तेवीस वर्षे बंद राहिलेली वास्तू पुन्हा उभी करता येते, हे आपल्या गावच्या लोकांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. दुसरी मुंबई मराठी साहित्य संघाची. डॉ. अमृत नारायण भालेराव यांच्या धडपडीतून संघाचे नाट्यकार्य वाढले, आणि संघाचे नाटकगृह १९६४ साली उभे राहिले.

परळचे दामोदर नाटकगृह १९२२ सालचे. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगचे. गिरणीचा भोंगा झाला की कामगार तेथे येत आणि स्वतःच नाटके करीत. ते मात्र आपणास पाहता येणार नाही. २०२३ च्या अखेरीस ते पुनर्बांधणीसाठी बंद झाले. दादरला श्रीशिवाजी मंदिर १९६५ सालचे. प्रभादेवीस रवींद्र नाट्यमंदिर आहे. दुरुस्तीनंतर ते २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. सिद्धिविनायकास जावयाचेच आहे. तेथून हे नाटकगृह चालत जाण्याजोगे आहे, तेव्हा वाट वाकडी करावी लागणार नाही.

दादरलाच छबिलदास शाळा आहे. तिच्या सभागृहात १९७४ पासून काही वर्षे 'आविष्कार' संस्थेची निराळ्या धर्तीची नाटके होत. या संस्थेच्या एक आधारस्तंभ सुलभा देशपांडे. त्या याच शाळेत शिक्षिका होत्या. १९६७ च्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या तेंडुलकरांच्या नाटकात एका शिक्षिकेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात, ती भूमिका सुलभाबाईंची. ते नाटक 'रंगायन' या संस्थेचे होते आणि ती संस्था उभी करण्यात विजया मेहता पुढे होत्या. नरिमन पॉइंटला समुद्राकाठी एन.सी.पी.ए. ही कलासंस्था आहे. ती १९६९ साली स्थापन झाली आणि तिचे टाटा थिएटर १९८० साली खुले झाले. विजयाबाईंनी पुढे त्या संस्थेचा कारभारही पाहिला. जुहूचे पृथ्वी थिएटर जेमतेम दोनशे माणसांचे. ते १९७८ साली सुरू झाले. ते उभे करण्यात शशी कपूर यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी जेनिफर होत्या, आणि पुढे अनेक वर्षे कन्या संजना यांनी ते चालविले. नाटकगृहाच्या किल्ल्या बाईच्या कमरेला आल्या, असे मी वर म्हटले ते या बायकांवरून.

म्हणजे सर्व मिळाले काय? तसेही नाही. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात मी नणंदेबरोबर नाटकास गेले होते. मध्यंतर झाले आणि बायकांच्या स्वच्छतागृहापुढे जी रांग लागली ती तिसरा अंक सुरू झाला तरी संपेना. आत पाणी नव्हते, दाराला कडी नव्हती. माझ्यापुढच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "मी येताना दुपारपासून पाणीच पीत नाही बाई." बाईची खुर्ची म्हणजे केवळ लाकूड आणि गादी नव्हे. सुखरूप परत जाण्याची गाडी, वेळेवर संपणारा प्रयोग, गुडघेदुखी असलेलीला चढता येईल असा जिना आणि कडी लागणारे दार, हे सर्व मिळून खुर्ची होते. आपल्या गावातही फुलंब्रीकर नाट्यगृह आहे. तेथे काय हवे हे विचारावयास आपण बायका कधी एकत्र गेलो नाही. मुंबईस पाहावे, कोठे सोय चांगली आहे ते टिपून घ्यावे आणि परत आल्यावर नगरात विचारावे.

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे येते. टी.व्ही. आपण पाहतो तो भाजी निवडत, दुधाकडे लक्ष ठेवत, कोणी हाक मारली की उठत. नाटकगृहात अंधार झाला की तीन तास आपल्याला कोणी हाक मारीत नाही. समोरचे माणूस खरे असते. ते अडखळले तर आपल्या छातीत धस्स होते, आणि आपण हसलो तर ते त्याला ऐकू जाते. शंभर वर्षांपूर्वी ज्या बायका आडोशाला बसल्या, ज्या पवळेसारख्या उजेडात उभ्या राहून बोलणी खात राहिल्या, त्यांच्यामुळे ही तीन तासांची मोकळीक आपल्या वाट्यास आली आहे. ती आपण घेतलीच नाही, तर त्यांनी सोसले ते कशासाठी?

कार्यकारिणीस माझी दोन मागणी आहेत. सहलीतील एक संध्याकाळ नाटकासाठी मोकळी ठेवावी, प्रयोग शक्यतो दुपारचा पाहावा, म्हणजे रात्रीची भीती राहणार नाही. ज्या भगिनींना तिकिटाचा खर्च जड जाईल, त्यांचे तिकीट मंडळाच्या शिलकेतून काढावे आणि त्यांची नावे कोठे वाचून दाखवू नयेत. दुसरे असे, की पुढील वर्धापनदिनी पाककृतींच्या स्पर्धेबरोबर आपणच एक लहानसे नाटक बसवावे. गिरिजाबाईंचे 'पुरुषांचे बंड' मिळाले तर फारच उत्तम. पुरुषांची कामेही आपणच करू. बालगंधर्वांची परतफेड तेवढीच!

तिकिटांसाठी नावे घेण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. हळदीकुंकवाच्या दिवशी वही घेऊन दाराशीच बसेन. ज्यांनी आजवर नाटकगृहाची पायरी चढलेली नाही, त्यांनी आपली नावे आधी द्यावीत, म्हणजे त्यांना पुढच्या रांगेत बसवता येईल.